मिठागरातली मुहूर्तमेढ

जननीनं आयुष्यात बर्फ पाहिला तो दोनच ठिकाणी. एक, चेन्नईत टी. नगरच्या उसाच्या रसवाल्याकडं, गोणपाटात गुंडाळून दांडक्यानं फोडलेला. दुसरा, नुंगंबाक्कमच्या ऑफिसात संगणकाच्या पडद्यावर, पार उत्तर ध्रुवाकडचा. पहिला तोंडात घातला की तिचा घसा बसतो. दुसऱ्याबद्दल बोलायला लागली की घसा बसेपर्यंत थांबत नाही.

अण्णा नगरात, तिच्या गल्लीत तिचं नाव 'ऐस अक्का', म्हणजे बर्फवाली ताई. कोपऱ्यावरची भाजीवाली शेवग्याच्या शेंगा बांधता बांधता विचारते, तिकडचं कसं काय, अजून वितळतंय का. आणि विचारते ती आजारी नातेवाइकाची चौकशी करावी अशा आवाजात. जननीही तशीच उभी राहून सांगते, की यंदा फार खंगलंय. भाजीवाली हळहळते आणि कढीपत्त्याची एक काडी जास्त टाकते.

बाई बुटकी, पण चालते अशी की सोबतच्याला धावावं लागतं. साडीखाली धावायचे बूट, पाठीला पिशवी, केसांत मल्लिगेचा गजरा, आणि बोलताना दोन्ही हात हवेत. विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसून घेते, त्यामुळं ऐकणाऱ्याच्या वाट्याला विनोद पुरता कधी येत नाही. घराणं मूळ तंजावरचं. घरातली मराठी पिढ्यानपिढ्या तमिळमध्ये मुरलेली, भातात रसम मुरतं तशी. जननी रागावली की इंग्रजी बोलते, घाईत असली की तमिळ आणि खूश झाली की मराठी. तेव्हा कुठल्या भाषेत दार उघडलं यावरून तिचा नवरा गिरीधर ऑफिसात काय घडलं ते ओळखतो.

काम ऐकायला सोपं. समुद्रावर जो बर्फ तरंगतो त्याची उंची मोजायची, तीही आकाशातून. उपग्रह वरून हिरव्या प्रकाशाचे ठिपके टाकतो, ठिपका खाली आदळून परत यायला किती वेळ लागला ते बघतो आणि त्यावरून उंची काढतो. पण उंची कशापासून? समुद्राच्या पाण्यापासून. आणि समुद्र तर बर्फाखाली झाकलेला. मग बर्फाला जिथं भेगा पडतात तिथं खालचं काळं पाणी दिसतं, त्याला शून्य धरायचं आणि शेजारचा बर्फ त्याच्या किती वर आहे ते बघायचं. हिवाळ्यात हे बरं चालतं. उन्हाळ्यात बर्फाच्या पाठीवरचं हिम वितळून डबकी साठतात. डबकंही चकाकतं, भेगही चकाकते. यंत्र बिचारं डबक्यालाच समुद्र समजतं. गच्चीत तुंबलेल्या पाण्यापासून घराची उंची मोजावी तसा बर्फ बुटका होऊन बसतो. चूक वीतभरच, पण तरंगत्या बर्फाचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो, त्यामुळं वर वीतभर चुकलं की जाडीत पुरुषभर चुकतं.

जननीनं यावर उपाय काढला होता. हिरवा प्रकाश पाण्यात शिरतो. डबकं उथळ आणि त्याचा तळ पांढरा, म्हणून तिथून दोन पडसाद येतात, एक पाण्याच्या पाठीवरून आणि एक अंधूकसा तळावरून. भेगेत खाली नुसता समुद्र, तिथून एकच. दोन आले की डबकं, एक आला की समुद्र. एवढंच का, असं गिरीधरनं विचारलं होतं, आणि त्या दिवशी जेवणं इंग्रजीत झाली. कारण तो अंधूक दुसरा पडसाद गोंगाटातून वेगळा काढायचा म्हणजे दिवाळीच्या आदल्या रविवारी टी. नगरच्या गर्दीत निसटलेली चप्पल शोधण्यासारखं काम. त्यात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली होती.

आता ती वर्षं एका चाचणीवर टांगली होती. पाच-सहा देशांची मंडळी मिळून उन्हाळी बर्फाचे नकाशे करणार होती. त्यात जुनी रीत ठेवायची की जननीची घ्यायची, हे बैठकीत ठरणार होतं. तिचे साहेब रघुराम. मऊ बोलणारे, पांढऱ्याशुभ्र शर्टाचे, चुकूनही आवाज न चढवणारे. ते म्हणाले, जिथं जाऊन हात लावून बघता येईल अशा जागी तुझी रीत खरी करून दाखव. नाहीतर ती कपाटात जाईल आणि तू बंदराच्या भरती-ओहोटीच्या कामावर. भरती-ओहोटीशी जननीचं काही वाकडं नव्हतं. पण ते म्हणजे गाणाऱ्या बाईला घंटा वाजवायला बसवण्यासारखं होतं.

चेन्नईत हात लावायला बर्फ आणायचा कुठून?

तो सापडला एका नवसाच्या व्हॅनमधून. चुलतबहिणीचं लग्न ठरेना म्हणून सगळं कुटुंब तिरुविडंदैच्या पेरुमाळाला, लग्नं जुळवणाऱ्या विष्णूला, नवस बोलायला निघालं होतं. चेन्नईबाहेर, कोवळमच्या अलीकडं जननीनं खिडकीबाहेर पाहिलं आणि अशी काही ओरडली की ड्रायव्हरनं ब्रेक मारला, मागं कुणाच्या तरी मांडीवर पुळिओदरैचा, चिंचेच्या भाताचा डबा सांडला. कुणाला तरी उलटी होतेय असं वाटून मंडळींनी तिला वाट दिली. ती रेशमी साडी गुडघ्यापर्यंत धरून बांधावरून पळत सुटली. समोर मिठागरं होती. पांढरंफेक सपाट मीठ, मधेमधे साठवलेल्या पाण्याचे वाफे, तळ पांढरा, आणि कडेनं खाडीचं काळपट पाणी आत आणणारा खोल चर. बर्फ, डबकं आणि भेग, तिन्ही एका रांगेत, आणि वर चेन्नईचं ऊन. "आमचा उत्तर ध्रुव इथं पडलाय कीं," म्हणून ती मागं वळून ओरडली, शुद्ध मराठीत. गिरीधरला कळलं, बायको फार खूश आहे.

उपग्रह त्या मिठागरावरून नेमका जाणार होता उन्हाळ्यात एका सकाळी. नंतरची फेरी पावसाळ्यात, तेव्हा मिठागर म्हणजे तळंच. म्हणजे संधी एकच.

जननीची तयारी साधी होती. चरात एक खुणांचा खांब रोवायचा. त्याच्यावर पाणी कुठं आलंय ते वाचायचं, आणि गवंडी वापरतात तसल्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं शेजारचा मिठाचा ओटा त्या पाण्याच्या किती वर आहे ते काढायचं. मग उपग्रह काय म्हणतो ते ताडून बघायचं. खांब तिनं आदल्या संध्याकाळी स्वतः रोवला, चरात, आग्नेय कोपऱ्याला.

सकाळी ऑफिसच्या गाडीतून दोनच माणसं यायची होती, जननी आणि मदतीला नवरा. प्रत्यक्षात गाडीतून उतरली जननी, गिरीधर आणि धनलक्ष्मी आत्या.

धनू आत्याशिवाय त्या घरात काही होत नाही. जननीची आई लवकर गेल्यावर तिनंच तिला वाढवलं. नवी स्कूटर असो, दहावीचा पेपर असो, इस्पितळात पोटाचा फोटो काढायचा असो, आत्या हळदीची डबी, आंब्याची डहाळी आणि एक नारळ घेऊन हजर. इतकी वर्षं पोर संगणकापुढं घालवते आणि आज तिचं आकाशातलं लग्न, मग आपण घरी बसायचं का, हा आत्याचा मुद्दा होता. सोबत डब्यात उडदाचं डांगर आणि दहीभात होता, तेव्हा गिरीधरनं तो खोडून काढायचं मनावर घेतलं नाही.

जननी सूचना देऊन टोकाच्या बांधाकडं गेली. तिला दुसऱ्या टोकावरून खुणा घ्यायच्या होत्या. गिरीधर बँकेतला माणूस. जे समोर दिसतं ते नेमकं वाचायचं आणि त्यात आपलं डोकं घालायचं नाही, हा त्याचा स्वभाव आणि या कामाला हवा होता तोच. त्यानं खांबावरचं पाणी वाचलं, नळी धरली, ओट्याची उंची काढली, पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. तेवढ्यात वरून उपग्रह गेलाही. दिसलं काहीच नाही, ऊन तेवढं जास्त लागलं. आत्यानं तरी आकाशाकडं हात जोडले. लांबून जननी दोन्ही हात हलवत बांधावरून नाचत आली आणि तिघांनी चराकडं पाठ करून मिठाच्या ढिगाच्या सावलीत दहीभात खाल्ला.

निकाल चार दिवसांनी आला, आणि जननी घरी आली ती इंग्रजीत.

उपग्रहाच्या त्याच नोंदींवर दोन्ही रीती चालवून बघितल्या होत्या. जननीच्या रीतीनं ओटा पाण्याच्या जेवढा वर आला, त्यापेक्षा गिरीधरनं जमिनीवर मोजलेला वीतभर कमी होता. आणि जुन्या रीतीनं, म्हणजे डबक्याला समुद्र समजणाऱ्या रीतीनं, जेवढा आला तो जमिनीवरच्या मापाशी तंतोतंत जुळत होता. रघुराम साहेबांनी आवाज न चढवताच सांगितलं, की मिठागराची कल्पना छान होती, पण मिठागरानं जुन्या रीतीच्या बाजूनं साक्ष दिली. परवा बैठकीत तसं सांगावं लागेल. भरती-ओहोटीचं टेबल खिडकीजवळ आहे, वारा चांगला येतो.

गिरीधरनं आपले आकडे चुकले नाहीत म्हणून तीन वेळा सांगितलं. तिलाही ते ठाऊक होतं. गिरीधर चुकीचा वाचणार नाही, म्हणूनच तर तिला पुढं काही सुचेना. ती जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसली आणि आत्यानं तिच्यापुढं कॉफीचा डबरा, पसरट पितळी वाटी, ठेवला.

"खांबानं दगा दिला, आत्या," जननी म्हणाली. "इतकं करून खांबानंच."

आत्याला ते लागलं. "खांब कसा दगा देईल? मी स्वतः हळदकुंकू लावलं, डहाळी बांधली. असा तसा रोवलेला नव्हे तो."

"रोवला मी, आत्या. तू हळद लावलीस."

"तू रोवट्लीस तो आग्नेयेंत. अगे, मेढ कोणी आग्नेयेंत रोवतं काय? तो अग्नीचा कोपरा. तू टोकाकडे गेलीस तेव्हां मी मिठागराच्या मेस्त्रीला सांगून काढवला आणि ईशान्येंत रोववला. मुहूर्तमेढ ईशान्येंतच रोवायची."

जननीनं डबरा खाली ठेवला. कॉफी सांडली, तिकडं कुणी पाहिलं नाही.

"ईशान्येला कुठं?"

"पाण्यांत. पाण्यांत पाहिजे म्हणून तूच सांगट्लीस कीं. तिकडे मोठा वाफा आहे, गुडघाभर पाणी, स्वच्छ, खालचं पांढरं दिसतं. तुझ्या त्या चरापरीस शंभर वाटे बरं. चर काळा, घाण."

जननीनं गिरीधरकडं बघितलं. गिरीधर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागला. मग त्यानं कबूल केलं, की खांब हललेला त्याला दिसला होता. पण आत्या म्हणाल्या, जननीनं पाण्यात म्हणून सांगितलंय आणि हे पाणीच आहे. तेही त्याला पटलं. आणि घरचा जावई मुहूर्तमेढीच्या कोपऱ्यावरून आत्याशी वाद घालतोय हे मेस्त्रीसमोर बरं दिसलं नसतं.

त्यानंतर काही वेळ जननी काय बोलली ते कुणालाच कळलं नाही, कारण ती हसत होती. टेबलावर डोकं ठेवून, मग खुर्चीवरून घसरून, मग जमिनीवर बसून. आत्यानं घाबरून तिच्या कपाळाला हात लावून बघितला. जननी म्हणत होती, की आत्या, तू डबक्याला समुद्र समजलीस. आकाशातलं यंत्र जी चूक करतं तीच तू करून ठेवलीस, तेवढीच, एका बोटाचीसुद्धा कमी-जास्त नाही. म्हणून जुन्या रीतीचं आणि तुझं जुळलं. हे सगळं ती मराठीत म्हणत होती.

आत्याला त्यातलं एवढंच समजलं, की आकाशातलं यंत्र आणि आपण एका मताचे आहोत. तिला त्यात वावगं काही दिसलं नाही.

मग जननीचा चेहरा पडला. खांब हलवला होता हे खरं, पण आता रघुराम साहेबांना ते कशावरून पटवायचं? वाफ्यातलं पाणी तर रोज आटतं. आपल्या बाजूनं निकाल लागावा म्हणून बाई आत्याला पुढं करतेय, असंच कुणीही म्हणेल. तिनं विचारलं, तो खांब गाडीत कुणी टाकला होता, ऑफिसात परत केला की नाही.

गिरीधर पुन्हा घड्याळाकडं बघायला लागला.

"तो तिथेंच आहे," आत्या जावयाकडं बोट करून म्हणाली. "कार्य पुरं जाल्याशिवाय मेढ उपटतात काय? मी माप्पिळ्ळैला सांगून ठेवलं, जननीचं जमेपर्यंत हात लावायचा नाही म्हणून."

गिरीधर चार दिवस बायकोची नजर चुकवत होता, त्याचं कारण हे होतं, की सरकारी खांब तो मिठागरात सोडून आला होता. जननीनं तिथंच आत्याचे दोन्ही गाल धरले. आत्या म्हणाली, हात धुवून ये आधी, कॉफीनं चिकट झालेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघुराम साहेब स्वतः मिठागरावर आले, पांढऱ्या शर्टात. त्यांना सांगितलं होतं एवढंच, की एक खांब बघायचा आहे. ईशान्येच्या वाफ्यात तो उभा होता, डोक्यावर वाळलेली आंब्याची पानं, अंगाला हळद. आणि हळदीच्या खाली मिठाची पांढरी पुटं. वाफ्यातलं पाणी आटत गेलं होतं तसं खांबाला मीठ धरत गेलं होतं, आणि त्या मिठाची वरची कड गिरीधरनं वाचलेल्या खुणेवर बरोबर बसली होती. साहेबांनी चष्मा पुसून बघितली. मग विजार दुमडली आणि वाफ्यात उतरले. नळीचं एक टोक त्यांनी त्या मिठाच्या कडेशी धरलं, दुसरं जननीनं चराशी. भरतीचा हिशेब धरला. वाफ्याचं त्या दिवशीचं पाणी चराच्या पाण्यापेक्षा वर होतं, वीतभर. जननीच्या रीतीनं उपग्रहाच्या नोंदीतून तेवढंच आधीच काढून ठेवलेलं होतं.

साहेब पाण्यातून वर आले. शर्टावर मिठाचे डाग पडले होते. मग त्यांनी आत्याला विचारलं, की मामी, तुम्हाला खांब दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यात रोवावासा वाटला असता तर? आत्यानं दयेनं त्यांच्याकडं बघितलं आणि ईशान्येशिवाय दुसरा कोपरा नसतोच म्हणून तमिळमध्ये समजावलं. साहेबांचं स्वतःचं घर आग्नेयेला तोंड करून होतं. ते विजारीची दुमड सोडायला वाकले.

बैठकीत जननीनं ठरवलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि खांबाचा फोटो दाखवला. सांगितलं, की जमिनीवर आमच्याकडून चूक झाली. खांब समुद्राऐवजी डबक्यात रोवला गेला, आणि मग आमचं माप तुमच्या जुन्या रीतीशी जुळलं. म्हणजे जुनी रीत कुठं उभी राहून मोजते ते आता आपल्याला माहीत झालं. पडद्यावर वेगवेगळ्या देशांतली तोंडं होती. पहिल्यांदा एक नॉर्वेची बाई हसली, मग एकेक करून सगळेच. कुणीतरी विचारलं, खांब पिवळा का आहे. जननीनं मुहूर्तमेढ समजावून सांगायला घेतली, दोन्ही हात हवेत. आणि ती अशी रंगली की रघुराम साहेबांनी हळूच तिच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. उन्हाळी नकाशांना जननीची रीत घ्यायची, हे त्यानंतर अर्ध्या चहात ठरलं.

नॉर्वेच्या बाईंचं जहाज त्या उन्हाळ्यात बर्फात जाणार होतं. त्यांनी ठरवलं, की तिथंही दोन खांब रोवायचे, एक भेगेत, एक डबक्यात, आणि दोन्हींची मापं रोज घ्यायची. लांबून ते वेगळे ओळखू यावेत म्हणून डबक्यातल्या खांबाला हळद लावायची. चेन्नईहून हळदीचा पुडा गेला. पाकिटावर काय लिहावं यावर रघुराम साहेबांनी विचार केला आणि 'खुणेची पिवळी पूड' असं लिहून सही केली.

जहाजावरून फोटो आला तेव्हा जननीनं तो मोठा करून आत्यापुढं धरला. पांढरा पसारा, त्यात निळं डबकं, डबक्यात पिवळा खांब, शेजारी टोपीत गुंडाळलेली दोन माणसं. आत्यानं चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला. हळद कमी लावली म्हणाली. मग खांब कुठल्या कोपऱ्यात आहे ते विचारलं.

जननीनं सांगितलं, की तिकडं कोपऱ्यांची पंचाईत आहे. आणखी वर, अगदी ध्रुवावर गेलं तर तिथं पूर्व नाही, पश्चिम नाही, ईशान्य तर नाहीच. जिकडं तोंड करावं तिकडं दक्षिण.

"सगळीकडे दक्षिण?" आत्या म्हणाली. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. त्या बाजूला पाय करून तिनं जननीला जन्मात झोपू दिलं नव्हतं. तिनं कॉफी संपवली, डबरा पालथा घातला, आणि बर्फातल्या त्या टोपीवाल्या माणसांकडं पुन्हा एकदा बघितलं.

"मग तीं बापडीं निजतात कशीं?"

जननीनं तोच प्रश्न त्याच वेळी, आत्याच्या नावानं, जहाजावर कळवला. उत्तर अजून आलेलं नाही. आत्या रोज विचारते.